डिस्क वाढवली की ओ सर!

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून परत फोन. "सर, लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क १०० ची २०० जीबी केली की! तरीबी सर्व्हर फुल्लच दाखवतोय." दाखवणारच की भावा! डिस्क वाढली म्हणजे तिच्यावरची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, आपोआप वाढते असं कोण सांगितलं? आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तुकडा वाढवा, मग पीव्हीरिसाइज कमांडनं वाढलेली जागा एलव्हीएमला, म्हणजे जागा वाटणाऱ्या यंत्रणेला कळवा, मग एलव्हीएक्सटेंडनं एलव्ही, म्हणजे त्यातला वाटून दिलेला हिस्सा वाढवा. आणि इथंच सगळ्यांची गाडी थांबते. एलव्ही वाढलं, पण आतली फाइलसिस्टिम जुन्याच मापाची. जागा बघायची डीएफ कमांड मारली की तेच ९८ टक्के! अरे, एलव्हीएक्सटेंडला मायनस आर लावलं असतं तर एका दमात दोन्ही झालं असतं. एक अक्षर टाकायला हात दुखतात काय?

त्यात कुणीतरी शहाण्यानं इन्स्टॉल करताना निम्म्याहून जास्त जागा होमला, म्हणजे युजरांच्या फाइलींच्या भागाला देऊन ठेवलेली, तीही एक्सएफएस फाइलसिस्टिमवर. ते वाढतं, आक्रसत नाही. होममध्ये चिटपाखरू नाही आणि इकडं रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग गुदमरतंय. म्हणजे आता होमची जागा रूटला द्यायची तर बॅकअप घ्या, होम पाडा, परत बांधा, तेही रात्री शिफ्ट सुटल्यावर.

वर बिल बघून विचारणार, "पाच मिनिटांचं काम की ओ सर, एवढे कशाचे?"