पाऊस ठरलेला असेल तर शेती कशाची? लातूरच्या एका वाचकाला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली. एवढी लांब, मुद्देसूद अन् मधूनमधून चिमटे काढणारी प्रतिक्रिया, तीही गेमवर, लातूर पॅटर्नच्या गावातून यावी याचं आधी कौतुक करतो. उत्तर तिथंच खाली लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलीकडं हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर, खेळलेल्या गेमांबद्दल मी लिहिलं होतं. त्यात 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमला 'देखणा पण बिनघोर' म्हटलं अन् 'बलाट्रो' या पत्त्यांच्या गेमला सगळ्यांत वर ठेवलं. दादांचं म्हणणं असं की विरंगुळ्याच्या गेमला मी मराठवाड्याच्या शेतीची फूटपट्टी लावली. 'प्रत्येक गोष्टीत दुष्काळ आणायची आपल्या लोकांना खोडच आहे', हे त्यांचं वाक्य. वर अर्धा लेख ऊन, लाइट अन् बॅटरीवर खर्च केला, ग्राफिक्सला दोन ओळी दिल्या. अन् पत्त्यांचा गेम डोक्यावर घेऊन मी पोरांना जुगाराच्या नादी लावतोय. एवढं झोडपून झाल्यावर शेवटी त्यांनी भाच्यासाठी दिवाळीत काय घ्यावं तेही विचारलंय. आपलेपणा म्हणतात तो हाच.

तर आधी शेती.

स्टारड्यू खोटी शेती दाखवतो अशी माझी तक्रार नाहीच. गेमनं खरं दाखवावं असं कुठं आहे? एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारएक वर्षं बसून कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः केलं, २०१६ मध्ये गेम आणला, पुढं चार कोटींवर प्रती खपल्या तरी नवे भाग फुकटच देत राहिला. त्या माणसाला मी मानतो. माझं म्हणणं गेमच्या आतल्या हिशोबाबद्दल आहे, अन् तो हिशोब मला लवकर दिसला याचं कारण मी परभणीत वाढलो, एवढंच.

गेममधलं बघा. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात अन् ते कधीच चुकत नाही. पाऊस आला तर पाणी द्यायचं काम वाचतं, नाही आला तर तळ्यावरून झारी भरून आणायची. तळं आटत नाही. बी पेरलं की उगवतं. चार दिवसांचं पीक म्हटलं की रोज पाणी मिळाल्यावर ते चौथ्या दिवशी काढणीला येतं. एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी रोप मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. माल पेटीत टाकला की सकाळी ठरलेल्या भावानं पैसे हजर. तुम्ही शेत भरून एकच पीक काढलं तरी भाव पडत नाही. कावळे येतात, पण बुजगावणं उभं केलं की विषय संपला. हंगाम अठ्ठावीस दिवसांचा. तो बदलला की त्या हंगामापुरतं पीक वाळतं, पण ती तारीखही पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. वर 'रेन टोटेम' नावाची एक वस्तू बनवता येते, ती वापरली की उद्या पाऊस. आपल्याकडं २०१५ अन् २०१९ मध्ये संभाजीनगरहून, तेव्हाच्या औरंगाबादहून, विमानं उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. त्या लोकांना हे टोटेम दाखवायला पाहिजे होतं.

आता यात चुकायला जागा कुठं आहे ते सांगा. पहिल्या वर्षी जरा धडपड होते. एकदा पाणी आपोआप देणारे स्प्रिंकलर बसले की तुम्ही शेतकरी राहत नाही, मुनीम होता. कुठल्या पिकात चौरसामागं किती सुटतात याचे तक्ते लोकांनी इंटरनेटवर करून ठेवलेत, अन् ते तंतोतंत लागू पडतात. ज्या निर्णयाचं उत्तर आधीच तक्त्यात आहे, तो घेताना मजा किती येणार?

आपल्याकडं सोयाबीन पेरायच्या वेळी काय होतं ते तुम्हाला लातूरकराला मी काय सांगावं. कृषी खातं अन् आमचं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृगाच्या दोन चांगल्या सरी पडतात, शेजाऱ्याच्या रानात तिफण दिसते, अन् माणूस पन्नास मिलिमीटरवरच चाड्यावर मूठ धरतो. मग पाऊस जो दडी मारतो तो तीन आठवडे तोंड दाखवत नाही. दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च परत. बरं, थांबलेला शहाणा ठरतोच असंही नाही. पेरणी लांबली की काढणी लांबते अन् परतीच्या पावसात सापडते. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं उभी पिकं पाण्याखाली गेली. त्यात लवकर पेरलेलंही गेलं अन् उशिरा पेरलेलंही. यातून वाचलंच तर भाव. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता अन् बाजारात सौदे त्याच्या खाली होत होते.

हे सगळं गेममध्ये घाला असं मी म्हणत नाही. घातलं तर मीच खेळणार नाही. पण यातली एक गोष्ट गेमला लागतेच: पुरती माहिती नसताना हात घालायचा, अन् मग जे होईल ते निस्तरायचं. स्टारड्यूत ती आहे, पण शेतात नाही, खाणीत आहे. वाळवंटातल्या 'स्कल कॅव्हर्न'मध्ये उतरताना किती बॉम्ब, किती खाणं सोबत घ्यायचं, कुठल्या मजल्यावरून माघारी फिरायचं, इथं खरी घालमेल होते. पहिल्या खाणीत पाच-पाच मजल्यांवर लिफ्ट थांबते, तशी इथं नाही. उद्या परत यायचं तर पहिल्यापासून. आडवे पडलात तर पैसे अन् सामान जातं. माझे त्या गेममधले चांगले तास तिथले आहेत, अन् मूळ लेखात मी ते लिहिलंही होतं. तुम्ही दुष्काळ शोधायच्या नादात तो परिच्छेद वगळला असावा.

आमच्या घरात स्टारड्यू माझ्यापेक्षा बायको जास्त खेळते, हेही सांगून टाकतो. तिचं मत तुमच्यासारखंच. 'दिवसभर खरा घोर असतोच की, संध्याकाळी खोटा कशाला पाहिजे?' यावर माझ्याकडं उत्तर नाही, अन् तिच्यापुरतं तो गेम अगदी बरोबर आहे. पण लेख माझ्या नावानं असतो.

आता बलाट्रो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा गेमही एकट्या माणसाचाच, 'लोकलथंक' या टोपणनावानं लिहिणाऱ्याचा. नुसती नावं बघता शेतीचा गेम स्टारड्यू. पण पेरणीच्या वेळी पोटात जो गोळा येतो तो मला बलाट्रोत आला.

खेळायचं असं. पोकरचे हात, म्हणजे पत्त्यांच्या ठरलेल्या जुळण्या, लावायचे, गुण गोळा करायचे, ठरलेला आकडा गाठायचा. तीन फेऱ्यांचा एक टप्पा, असे आठ टप्पे. मध्ये दुकान लागतं, तिथं जोकर मिळतात, प्रत्येक जोकर नियमात काहीतरी बदल करतो. हातात पाच डॉलर राखले की फेरीअखेर एक डॉलर व्याज, असं जास्तीत जास्त पाच डॉलरपर्यंत. म्हणजे पैसा आज गुंतवायचा की राखून वाढवायचा, हा प्रश्न प्रत्येक दुकानात. तुम्ही ठरवता की यंदा फ्लश, आपल्या तीन पत्तीतला कलर, अन् तोही बदामाचा. गड्डीतली बाकीची पानं बदामात बदलून घेता, जोकर तसे निवडता. सहाव्या टप्प्याला तिसऱ्या फेरीचा बॉस, म्हणजे आडवी अट घालणारा, दिसतो: 'द हेड'. या फेरीत बदामाच्या एकाही पानाचे गुण धरले जाणार नाहीत.

टप्प्याच्या सुरुवातीलाच बॉस दिसतो. अंदाज इथंही अचूक आहे, स्टारड्यूच्या टीव्हीसारखाच. फरक एवढाच की तिथं कळलं की काम झालं अन् इथं कळूनही दोन फेऱ्या अन् तुटपुंजे पैसे एवढंच हाताशी असतं. लावलेलं मोडायचं का? अर्धं मोडायचं का? की बाकीच्या तीन रंगांवर निभेल म्हणून रेटायचं? मला या गेममध्ये जे कळलं ते हरताना कळलं, अन् हरल्यावर बोट दाखवायला नशीब असतं तरी पूर्ण नशीबच असतं असं नाही.

एक जोकर तर आपल्या भागातल्या माणसानं बघावाच: 'ग्रो मिशेल'. नाव आहे केळ्याच्या वाणाचं, पानावर केळंच काढलंय. सुरुवातीला मिळाला तर गुणक, म्हणजे हाताच्या गुणांना ज्यानं गुणतात तो आकडा, पंधरानं वाढवतो, म्हणजे चांदीच. पण प्रत्येक फेरीअखेर सहात एक शक्यता की तो नाहीसा होईल. नाहीसा झाल्यावर पुढं दुकानात 'कॅव्हेंडिश' येऊ शकतो. तो गुणक तिप्पट करतो अन् त्याच्या नासण्याची शक्यता हजारात एक. आता खरी गोष्ट. ग्रो मिशेल हेच एके काळी जगाच्या बाजारातलं मुख्य केळं होतं. पनामा रोगानं, म्हणजे मर रोगानं, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या बागा बसल्या अन् जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आज नांदेडकडं अर्धापूर पट्ट्यात 'जी-नाईन' म्हणून जी रोपं लावतात, तो ग्रँड नैन वाण कॅव्हेंडिश गटातलाच. शंभर वर्षांचा केळीचा इतिहास त्या माणसानं दोन पानांत अन् दोन आकड्यांत बसवला, कुठं भाषण नाही. गेमनं आपल्या विषयाशी कसं वागावं याचा याहून चांगला नमुना मला अलीकडं दिसला नाही. अर्धापूरच्या एका बागायतदार मित्राला हे दाखवलं तर तो म्हणाला, 'सहात एक? आमचं बरंय की मग.'

अन् जुगाराचं. तुमची काळजी खोटी नाही, रमीच्या जाहिरातींनी आपल्याकडं काय केलं ते आपण बघितलंय. पण त्या ॲपमध्ये खिशातला पैसा जात होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला तो त्यासाठीच. बलाट्रो एकदा विकत घेतला की आत रुपयाही लावता येत नाही, जिंकताही येत नाही. युरोपात वयोगट ठरवणाऱ्या पेगीनं त्याला आधी जुगाराचं चित्रण अन् शिकवण आहे म्हणून १८ वर्षांवरचा शिक्का मारला होता, अन् पैसे देऊन खेळाडूंची बंद पाकिटं फोडायला लावणाऱ्या फुटबॉलच्या गेमला ३ वर्षांवरचा. ओरड झाली, अपील झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बलाट्रोचा शिक्का १२ वर आला. भाचा दहावीत असेल तर चालेल. अभ्यासाचं नुकसान होईल का? होईल. पण ते कुठल्याही चांगल्या गेमनं होतं.

ग्राफिक्सबद्दल फार बोलत नाही. हँडहेल्डच्या सात इंची पडद्यावर, १२८० गुणिले ८०० ठिपक्यांमध्ये, गवताची पाती मोजत बसायची हौस मला नाही. 'एल्डन रिंग' हा गेम सुंदर आहे, हे २०२२ पासून सगळं जग सांगतंय, त्यात मी भर काय घालणार? ते सौंदर्य मे महिन्यात दुपारी दोन वाजता परभणीत किती वेळ टिकतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

निन्टेंडो स्विच, पीएस फाइव्ह, स्टीम डेक, गेम खेळायच्या या तिन्ही मशीनच्या कागदांवर वापराचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं आहे. आपल्याकडं मेमध्ये पारा ४२-४३ ला असतो अन् पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. ३५ अंशांना आपण 'आज जरा बरं आहे' म्हणतो. म्हणून 'गरम होतं का' हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या एसीत बसलेल्या यूट्यूबवाल्याला नसेल, मला पहिला आहे. स्टीम डेकवर एल्डन रिंग लावला की पंखा गिरणीसारखा घरघरतो. मी फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, तीसवर बांधतो, चिपला किती वॅट द्यायचे तेही कमी करतो, मग जरा निभतं. बलाट्रो मात्र मशीनला जाणवतही नाही, हेही त्याला वर ठेवायचं एक कारण, अन् लेखात मी ते लपवलं नव्हतं. एक सांगून ठेवतो: मशीन कूलरच्या झोतासमोर धरू नका. तो वारा ओला असतो, पंखा तीच ओल आत ओढतो.

लाइटचंही तसंच. स्टारड्यूत गेम जतन होतो तो फक्त रात्री झोपल्यावर. एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. टीव्हीला जोडलेल्या मशीनवर बाराव्या मिनिटाला लाइट गेली की सगळा दिवस गेला. हँडहेल्डवर बटण दाबून बाजूला ठेवायचं, लाइट येवो न येवो.

आता भाच्याचं. पीएस फाइव्ह भारतात रीतसर मिळतो, वॉरंटी आहे, गेमची चकती विकता-बदलता येते. निन्टेंडो अन् स्टीम डेक आपल्याकडं बाहेरून आणलेलेच मिळतात. बिघडलं तर दुकानदार जे म्हणेल ती वॉरंटी. हँडहेल्डच हवा असेल अन् रीतसर बिल हवं असेल तर आसूसचा आरओजी ॲलाय बघा. तो इथं अधिकृत विकतात, पण बॅटरी लवकर उतरते. माझा कल काय ते लाइटवर ठरेल. घरी इन्व्हर्टर किती व्हीएचा आहे अन् त्यावर टीव्हीचा पॉइंट घेतलाय का, तेवढं कळवा.