नहाणी ट्रॅप

आज सकाळी दार उघडलं तर समोर कुरडयांचा डबा. स्टीलचा, पाच किलोचा, झाकणाला चिकटपट्टी आणि वर चिठ्ठी : "ऑइलचा वास लागलाय. तुम्हीच ठेवा. 850 रु." खाली सही नाही, पण आमच्या सोसायटीत अजूनही घरी गव्हाचा चीक काढणाऱ्या काकू एकच आहेत, पहिल्या मजल्यावरच्या, आणि त्यांची गॅलरी बरोबर माझ्या पार्किंगच्या डोक्यावर येते. पैसे मी गुपचूप जीपे केले. भांडायला तोंड नव्हतं. पण राग आहेच, आणि तो काकूंवर नाही, बी-विंगच्या काकांवर आहे.

तर झालं असं की माझ्याकडे बाबांची 2001 ची मारुती झेन आहे. 993 सीसी, कागदावर 60 हॉर्सपॉवर, त्यातले किती हयात आहेत देव जाणे. तिला मी गेले 14 महिने दर शनिवार-रविवार पार्किंगमध्ये टर्बो बसवतोय. का बसवतोय हे विचारू नका, सगळे विचारून झालेत. बायको तर म्हणाली, 2017 ला बलेनो आरएस आलेली की, हजार सीसी, टर्बो कंपनीनेच लावलेला, 102 हॉर्सपॉवर, तीच सेकंडहँड घ्यायची होतीस, एअरबॅग तरी मिळाल्या असत्या. हिला हे आकडे कुणी सांगितले? मीच, पाच वर्षांपूर्वी, जेवताना, कौतुकाने. माणसाने घरात बोलताना जपून बोलावं. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आरसीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, म्हणून मी हिला रस्त्यावर आणणारच नाहीये, ट्रकवर टाकून ट्रॅकवर न्यायची आणि तशीच परत आणायची, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दोन लाख घालून पार्किंगमधून पार्किंगमध्ये."

दोन नाही. एक लाख बारा हजार.

आणि टर्बो म्हणजे काही मी शोधलेलं खूळ नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 ला पेटंट घेतलंय त्याचं. सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, संपलं. सुझुकीने 1987 ला जपानात अल्टो वर्क्स काढली, 543 सीसी, म्हणजे झेनच्या निम्म्याहून जरासंच मोठं इंजिन, आणि ताकद 64. चौसष्ट! आपल्याकडे त्याच वेळी मारुती 800 साठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसले होते आणि तिची ताकद चाळीसच्याही आत. हे आठवलं की मला दर वेळी नव्याने वाईट वाटतं, जपानी माणूस आपल्यापेक्षा असा काय मोठा लागून गेलाय.

टर्बो जुन्या बाजारातला, एका डिझेल स्विफ्टमधून निघालेला. विकणारा त्याला शंख म्हणत होता आणि तो दिसतोही तसाच. घरी आणून रॉकेलने धुऊन पेपरवर ठेवला तर आई म्हणाली, डावा आहे की उजवा? मग मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोत नेणारा पाइप, करून घ्यायला भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे अकरा फेऱ्या. तो माणूस नाही कधीच म्हणत नाही. "परवा या" म्हणतो. त्याच्या आयुष्यात फक्त परवा आहे, त्याला आज कधी उजाडतच नाही, आणि एकदा मी खरंच दोन दिवसांनी बरोबर त्याच वेळेला जाऊन उभा राहिलो तर तो दचकला. असो.

तर काल रविवार, सकाळी साडेनऊ. सगळं जोडून झालेलं. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, त्याला बेअरिंग म्हणून नुसती ऑइलची पातळ साय असते, दांडा तिच्यावर तरंगतो. त्यामुळे इंजिनातून बारीक नळीने ऑइल वर टर्बोत न्यायचं आणि काम झालं की जाड नळीने खाली परत चेंबरमध्ये सोडायचं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालची ऑइलची ढोली, गॅरेजवाले तिला चेंबरच म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोटाळा यानेच केलाय.

चावी मारली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. आणि ती शीळ! खूप बारीक, लांबून यावी तशी, अक्सिलरेटर जरा दाबला की चढणारी. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चार मिनिटांनी परत आलं, पण तेव्हा धुराने. निळा, दाट, ढगासारखा धूर, सायलेन्सरमधून असा काही निघाला की वॉचमन मास्क लावून आला, करोनातला कुठेतरी जपून ठेवलेला. वरून गॅलरीतून काकूंची किंकाळी. मी गाडी बंद केली, तरी आत जमलेलं ऑइल जळतच होतं, दोन-तीन मिनिटं धूर काही थांबेना.

धूर निवळला आणि त्याच्यातून बी-विंगचे काका प्रकट झाले. लेंगा, बनियन, हातात दुधाची पिशवी. काका ड्रेनेज खात्यातून रिटायर झालेत, 33 वर्षं नोकरी, हे मला माहिती असायचं कारण म्हणजे काका हे लिफ्टमध्येही सांगतात.

"काय, तुंबलं का रे?" काका.

"नाही काका, टर्बोचं सील गेलंय बहुतेक. ऑइल जळतंय."

"ऑइल येतं कुठून?"

"इंजिनातून. पंप आहे."

"आणि जातं कुठे?"

"चेंबरमध्ये."

आणि इथे काकांचा चेहरा बदलला. रिटायर झालेल्या माणसाला पाच वर्षांनी कुणीतरी त्याच्या खात्याच्या नावाने हाक मारावी तसा. दुधाची पिशवी त्यांनी सरळ माझ्या रेडिएटरवर ठेवली. "चेंबर आहे होय! कुठाय?"

"काका, ते वेगळं चेंबर—"

"चेंबर ते चेंबर. लाइन दाखव."

मी दाखवली. म्हणजे काय, टॉर्च धरली, आणि काका लेंगा सावरत पुठ्ठ्यावर चक्क आडवे झाले, सत्तरीच्या माणसाला नाही कसं म्हणणार. दोन मिनिटं खालून नुसते हं, हं. मग आवाज आला, "लाइन किती इंची?"

"पाऊण."

"पंप चेंबरमध्ये ढकलतो का नुसतं वाहतं?"

"नुसतं वाहतं. वर जाताना प्रेशर असतं, परतताना नसतं."

"म्हणजे ग्रॅव्हिटी." थोडा वेळ शांतता. "अरे मग उतार कुठाय?"

मी काही बोललो नाही.

"4 इंचीला 40 फुटात 1 फूट. 6 इंचीला 60 त 1. 9 इंचीला 90 त 1. हे आम्ही झोपेत सांगायचो. पाइप जितका बारीक तितका उतार जास्त लागतो, तुझी पाऊण इंची, तिला तर सरळ उभी सोडायची. आणि तू काय केलंयस? खाली नेलीयस, त्या लोखंडाच्या खालून घेतलीयस आणि परत वर चढवलीयस!"

"तिथे सायलेन्सरचा पाइप येतो काका, तापतो तो, म्हणून जरा—"

"नहाणी ट्रॅप केलायस तू हा!"

हे एवढ्या मोठ्याने, की तोवर जमलेल्या सात-आठ जणांना ऐकू गेलं. त्यात दोन दहावीतली पोरं होती जी गेले वर्षभर मला येऊन टर्बोविषयी विचारायची, मला दादा म्हणायची. त्यातलं एक फिस्सकन हसलं. मी 14 महिने रात्री जागून वाचलं, बूस्ट किती ठेवायचं, हेड गॅस्केट किती जाड घ्यायचं, इंजिन ठोकायला नको म्हणून टायमिंग किती मागे घ्यायचं, आणि काकांनी एका वाक्यात माझ्या टर्बोचं न्हाणीघर केलं.

बरं एवढ्यावर थांबावं ना. "नहाणी ट्रॅपमध्ये पाणी मुद्दाम साठवतात, वास वर येऊ नये म्हणून. तुझ्या इथे तेल साठतंय. पुढे जायला जागा नाही, मागून येतंच आहे, मग ते कुठे जाणार? जिथे फट मिळेल तिथे. तळमजल्याच्या संडासात जातं तसं." एका बाईंनी नाकाला पदर लावला. "आणि व्हेंट? व्हेंट पाइप कुठाय? चेंबरमध्ये हवा कोंडली की वरचं खाली उतरत नाही."

इंजिनाच्या चेंबरला व्हेंट असतो. ब्रीदर म्हणतात त्याला. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला गॅस तिथून बाहेर पडतो. मी तो टर्बोला जागा करताना बोल्ट घालून बुजवला होता आणि नंतर बघू म्हणून विसरलो होतो.

मी म्हणालो, "व्हेंट आहे."

काकांनी टॉर्च माझ्या हातातून घेतली आणि बोल्टवर मारली. काही बोलले नाहीत. रेडिएटरवरची दुधाची पिशवी उचलली, ती तोवर फाटायच्या बेताला आलेली, आणि घरी गेले.

आता सील वगैरे काही गेलेलं नव्हतं, हे मी दुपारी टर्बो उतरवून बघितलं. टर्बोला तसं रबराचं सीलच नसतं, बारीक रिंगा असतात, आणि खाली ऑइल अडलं की त्या ते थोपवू शकत नाहीत. हे मी वाचलेलं होतं. मार्चमध्ये. पेन्सिलने खूण पण केलेली. म्हणजे काकांनी मला नवीन काहीच सांगितलं नाही, आणि हेच मला सहन होत नाहीये. एखाद्या टर्बोवाल्याने सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

दुपारी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : "ए विंग पार्किंग. ड्रेनेजचा प्रॉब्लेम होता. उतार नाही. व्हेंट बंद. मी स्वतः पाहणी केली आहे." झेनचा उल्लेख नाही. खाली लोकांचे मेसेज सुरू, परत तुंबलं का, मेंटेनन्स घेता कशाचा, मागच्या पावसातच लाइन बदलली ना, कोटेशन दाखवा, बिल्डरवर केस करा. एका बाईंना खरोखरच बाथरूममध्ये वास यायला लागला. सेक्रेटरींनी कशालाही वेळ न घालवता, लिफ्टचा दिवा लावायला सहा महिने घेणाऱ्या याच सेक्रेटरींनी, आज सकाळी आठला प्लंबर पाठवला. तो बांबूच्या लांब कांबी घेऊन माझ्या गाडीपाशी उभा. "साहेब, चेंबर कुठलं?"

मी बोनेट उघडून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, व्हिजिटचे तीनशे तरी द्या.

दिले. तर 850 अधिक 300, अधिक नवीन पाइप, अधिक चेंबरला वरच्या बाजूला नवीन सॉकेट वेल्ड करायचं आहे, म्हणजे भोसरी, म्हणजे परवा. काका संध्याकाळी सहाला येणार आहेत, गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन, मी बोलावलेलं नाही. त्यांच्या बायकोने खाली येऊन मला सांगितलं की अरे, कालपासून जेवतायत नीट.

कुरडयांचं काय करायचं म्हणून बायकोने आत्ता दोन तळून बघितल्या. मस्त फुलल्या, पांढऱ्याशुभ्र. मी हुंगून बघितल्या, तिने बघितल्या, आईने बघितल्या. ऑइलचा वास? कसला डोंबलाचा वास, हिंगाचा सुद्धा धड येत नाहीये. 850 रुपये! आम्ही तिघांनी मिळून अकरा खाल्ल्या आणि अजून डबा भरलेलाच आहे.