वडिलांच्या पित्तनलिकेतले खडे, दोन वेळा भूल आणि आत ठेवलेली नळी: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की वडिलांना डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप अशा अवस्थेत भुदरगडातून आमच्याकडे आणलं. आम्ही आधी तोंडातून दुर्बीण घालून खडे काढले, आत नळी ठेवली आणि चार दिवसांनी परत पोटाचं ऑपरेशन केलं. दोनदा भूल, दोन बिलं. पुण्यातल्या तुमच्या पाहुण्यांचं मात्र एकाच ऑपरेशनमध्ये सगळं निघालं. ही नळी नंतर काढावी लागते हे तुम्हाला घरी गेल्यावर गावातल्या डॉक्टरांकडून कळलं. शेवटी 'निव्वळ पैशाचा धंदा' असं लिहिलंय.

हॉस्पिटल माझं आहे, ऑपरेशनही मीच केलं, म्हणून उत्तर मीच देतो. वडिलांचे रिपोर्ट इथं उघड करणं बरोबर नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढंच धरून बोलतो.

आधी नळीचं. तिथं चूक आमची आहे. डिस्चार्ज कार्डावर 'स्टेंट इन सिटू' (म्हणजे नळी आतच आहे) एवढंच छापलंय, तेही गोळ्यांच्या यादीखाली. ते वाचून घरच्या माणसाला काय कळणार? पित्तनलिकेतला प्लॅस्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो आतून गाळाने बुजायला लागतो. तसाच राहिला तर पित्त पुन्हा तुंबतं, कावीळ आणि ताप परत येतो, कधी स्टेंटभोवतीच नवा खडा धरतो. डिस्चार्जच्या वेळी तुम्हाला समोर बसवून, तारीख घालून हे सांगायला हवं होतं. ते राहिलं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं हे तुमचं नशीब आणि आमच्यावर उपकार. सोमवारपासून स्टेंटची वेगळी वही सुरू केली आहे. नाव, टाकल्याची तारीख, काढायची तारीख, घरच्या दोघांचे नंबर. तारखेच्या आधी फोन आमच्याकडून जाईल.

आता दोन वेळा भूल का, ते. लिव्हरमध्ये तयार झालेलं पित्त नलिकेतून आतड्यात उतरतं आणि पित्ताशय ही त्या वाटेवरची साठवणीची पिशवी. खडे होतात बहुतेक त्या पिशवीत. पण पिशवीत खडे असणाऱ्या १०० जणांपैकी साधारण १० ते १५ जणांच्या नलिकेतही खडे सापडतात. नलिका ६ मिलिमीटरच्या आसपास रुंद. पाटात दगड अडकला की पाणी मागं तुंबतं, तसं पित्त तुंबतं आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप हे एकत्र दिसलं, की आम्ही सर्जन मंडळी खडा बाजूला ठेवतो आणि आधी वाट मोकळी करायला धावतो. हे जंतू रक्तात गेले तर माणूस काही तासांत खालावतो. शिवाय पित्त आतड्यात पोहोचलं नाही की के जीवनसत्त्व अंगी लागत नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. अशा दिवशी पोटाचं लांबलचक ऑपरेशन करणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून आधी ईआरसीपी. दुर्बीण तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, नलिकेचं तोंड तारेने थोडं कापून मोठं करतात आणि फुग्याने किंवा छोट्या जाळीने खडे आतड्यात ओढतात. ते शौचावाटे निघून जातात. पोटावर एकही टाका नाही. हे तोंड कापायचं तंत्र १९७४ मध्ये जर्मनी आणि जपान दोन्हीकडे सुरू झालं. त्याआधी नलिकेतल्या खड्यासाठी पोट उघडण्याशिवाय मार्ग नव्हता. मी शिकत असताना असे पेशंट इंग्रजी टी अक्षरासारखी रबरी नळी पोटाबाहेर काढून आठवडेच्या आठवडे वॉर्डात झोपलेले पाहिले आहेत.

पण ईआरसीपीने पित्ताशय जागेवरच राहतं. आत खडे असतील तर पुन्हा एखादा घसरून नलिकेत येऊ शकतो. म्हणून ताप उतरल्यावर ते काढलं. ही दुसरी भूल आम्ही वाढवलेली नाही, या मार्गात ती असतेच. आमच्याकडे ईआरसीपी करणारे पोटविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात आणि त्यांची फी, तारा, फुगे, स्टेंट यांचं बिल वेगळं होतं. दोन्हींचा मिळून अंदाज आधी एका कागदावर द्यायला हवा होता. ती तक्रारही मला मान्य आहे.

तुमच्या पाहुण्यांचं जे झालं तेही शंभर टक्के योग्य. पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढतानाच नलिकेतले खडे काढता येतात. खडा लहान असेल तर पित्ताशयाच्या देठातून बारीक दुर्बीण आत घालून. मोठा असेल तर मुख्य नलिकेलाच छोटी चीर देऊन, खडे काढून, ती पुन्हा शिवून. हे काम मीही करतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. एकच भूल, दवाखान्यात दिवसही कमी. दोन्ही मार्गांची तुलना झालेली आहे आणि खडे पूर्ण निघण्याचं प्रमाण साधारण सारखंच येतं. पण त्यासाठी नलिका फुगून रुंद झालेली लागते, साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या पुढे. अरुंद नलिका शिवली तर टाक्याच्या जागी ती आवळते आणि पेशंटचा त्रास जन्मभराचा होतो. आणि अंगात जंतूंचा ताप नसावा. पाहुण्यांना ताप होता का, हे एकदा त्यांना विचारून बघा.

ईआरसीपीतही धोका आहे. १०० पैकी साधारण ५ जणांच्या स्वादुपिंडाला त्यानंतर सूज येते, क्वचित ती गंभीर होते. ती टाळण्यासाठी आम्ही गुदद्वारातून वेदनाशामक औषध देतो. हे दोन्ही मार्ग आणि त्यांचे धोके ॲडमिट करतानाच तुमच्यापुढे मांडून 'वडिलांसाठी आम्ही हा का निवडतोय' हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. सहीचे कागद पुढे केले आणि ती दहा मिनिटं आम्ही दिली नाहीत. निर्णय बरोबर होता असं आजही मला वाटतं, पण तो तुमच्या डोक्यावरून घेतला गेला आणि म्हणूनच तो तुम्हाला पैशाचा वाटला.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट, कारण आमच्याकडे हे दर महिन्याला होतं. कावीळ म्हटलं की आपल्याकडे आधी माळ, मग पाल्याचा रस, मग नाकात थेंब. त्यात दोन आठवडे जातात. अंगाला खाज सुटलीय, लघवी गडद आणि शौच मात्र पांढुरकं होतंय, तर ती नलिका अडल्याची कावीळ असू शकते. त्याच दिवशी सोनोग्राफी करा. आतड्यातल्या वायूमुळे खालच्या टोकाचा खडा सोनोग्राफीत कधीकधी दिसत नाही. तेव्हा एमआरसीपी (पित्तनलिकेची एमआरआय तपासणी) सांगितली तर ती पैशासाठी आहे असं समजू नका.

दादा, रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तो राहू द्या. वडिलांना येत्या गुरुवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या, त्या दिवशी पोटविकारतज्ज्ञ आहेत. स्टेंट काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे आम्ही घेणार नाही. एमआरसीपीची सीडी सोबत आणा, मी तुम्हा दोघांना स्क्रीनवर नलिका किती रुंद होती आणि खडे कुठं होते ते दाखवतो. गुरुवारच्या आत पुन्हा थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट बघू नका. रात्री दोन वाजले तरी निघा आणि निघताना रिसेप्शनला फोन करा, मी खाली येऊन थांबतो.