मिरज म्हणजे नुसतं जंक्शन नाही हो

गाव मिरज म्हणून सांगितलं की समोरच्याची दोनच उत्तरं असतात, एक तर "हां, तिथं गाडी बराच वेळ थांबते" नाहीतर "आमच्या आत्याचं ऑपरेशन तिथंच झालं". दोन्ही खरंच आहे. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं मिशन हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून निम्मा उत्तर कर्नाटक आमच्याकडं दवाखान्याला येतोय. पण एवढ्यावर गाव संपवलं की मला मनापासून वाईट वाटतं म्हणून आज लिहितोय.

आमच्याकडं सतारमेकर गल्ली आहे. एकेका घरात खाली दुकान, वर राहणं, आणि दारातून आत बघितलं की वाळलेले भोपळे रचून ठेवलेले. हे भाजीचे भोपळे नव्हेत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमेच्या काठाला खास पिकवलेले, कडू आणि टणक. ते वाळवायचे, कापायचे, त्यावर तबली (तोंड झाकणारी लाकडी फळी) बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या, नक्षी, पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी जवारी. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून घासून अशी करायची आणि तानपुऱ्याला तारेखाली धागा असा सरकवायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजते. ही जवारी मशीनवर निघत नाही, कानावरच काढावी लागते आणि तो कान तयार व्हायला वर्षं जातात.

आणि हे करणारे लोक मूळचे कोण, तर शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे! इंग्रज आल्यावर हत्यारांचं काम बसलं, मग एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी सतारी दुरुस्त करता करता स्वतः बनवायला घेतल्या, संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय मिळाला आणि पुढच्या पिढ्यांनी तेच धरलं. तलवारीवरून तारेवर आलेलं घराणं, अजून काय पाहिजे एका गावाला सांगा.

गाणारे पण इथं येऊन राहिले. विष्णु दिगंबर पलुसकर डोळ्यांच्या उपचाराला म्हणून मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकून गेले (बघा, दवाखाना आणि गाणं तेव्हापासून हातात हात घालून आहेत), शेवटी 1931 साली वारले तेही मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर वारले पण त्यांना आणून दफन केलं मिरजेला, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. उरुसात अजूनही तिथं मोठमोठे कलाकार येऊन हजेरी लावतात. लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपून मी तिथं किती गाणं ऐकलंय, आठवतं ते फक्त तानपुऱ्याचं गुंजणं.

आणि जंक्शनच म्हणताय तर तेही नीट म्हणा. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, तिन्ही रुंदीचे रूळ असलेलं स्टेशन होतं आमचं. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी गेली ती इथूनच, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी, हैदरखान विहिरीवरनं भरलेलं, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर लांब. त्या एप्रिलमध्ये मिरजकर म्हणून जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. पण त्याच महिन्यात मुलीच्या गाण्याच्या क्लासमध्ये बघतो तर वीस पोरं बसलेली आणि कोपऱ्यात मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप चालू. मला ॲपचा राग नाही, प्रवासात मीही लावतो, पण रोज शिकवणाऱ्या जागेत एक तरी खरा तानपुरा पाहिजेच असं माझं ठाम मत आहे. पोरांना तो स्वतः जुळवता आला पाहिजे, तार ढिली पडली की ओळखता आलं पाहिजे, तेच तर पहिलं शिक्षण आहे. कारागीर जीआयच्या सर्टिफिकेटवर जगत नाही, ऑर्डरवर जगतो. ऑर्डर नसेल तर त्याचा पोरगा जवारी कशाला शिकेल.

म्हणून परवा गल्लीतल्या एका काकांना फोन केला, मुलीसाठी तानपुरा पाहिजे म्हणलं. किंमत, साइज काही बोलले नाहीत, पहिला प्रश्न "पोरीचा स्वर कुठला?" काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) सांगितलं तर म्हणाले, "मग त्या मापाचा भोपळा बघतो, घाई करू नका, दिवाळीला पोरीलाच घेऊन या, तिच्या गळ्यावर जवारी काढू."