प्रवाळातल्या माशांना गरम पाण्याने काही होत नाही? एक खुलासा

‘मासे थंड रक्ताचे, पाणी तापलं की तेही तापतात, उष्ण समुद्रातल्या माशांना दोन-तीन अंशांचं काय कौतुक!’ हा मेसेज दोन ग्रुपवर दिसला. पहिल्यांदा मीही मान डोलावली होती, म्हणून हे लिहितोय.

थंड रक्ताचे, एवढं खरं. पण अडचण तिथेच आहे. पाणी तापलं की माशाचं शरीर तापतं, चयापचय वाढतो, प्राणवायू जास्त लागतो. आणि गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच कमी! शिवाय विषुववृत्ताजवळच्या समुद्राचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे तिथले बरेच मासे आधीच आपल्या सहनशक्तीच्या कडेला जगत असतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळपट्ट्यातल्या लिझार्ड आयलंड बेटाच्या माशांवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. 29 अंशांना ठीक असलेल्या कार्डिनल या छोट्या प्रवाळी माशांची पोहायला, पचवायला लागणारी जादा प्राणवायू घेण्याची क्षमता 31 अंशांनाच बरीच घटली, 33 ला जवळजवळ संपली. डॅम्सेल हे तिथलेच दुसऱ्या गटातले छोटे मासे त्यामानाने तगले.

‘माशांना गरम पाण्याची सवय होते’ असंही कुणी म्हणेल, त्यात थोडं तथ्य आहे. एका डॅम्सेल जातीत आईबाप आणि पिल्लं दोघंही गरम पाण्यात वाढली, तेव्हा पिल्लांची ही क्षमता सावरली. मात्र याच जातीत जास्त तापमानाला प्रजनन घटलेलंही दिसलंय.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.