साठ मुलांसाठी सहकुटुंब पाहता येईल असे संगीत नाटक कसे निवडावे

यंदाच्या गणेशोत्सवात सोसायटीतील साठ मुलांना घेऊन संगीत बालनाटक बसवावे, असा ठराव आपल्या सांस्कृतिक समितीने एकमताने मंजूर केला असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन; कारण एकमताचा हा शेवटचाच प्रसंग आहे. आता नाटक निवडायचे आहे. ही निवड मुलांना विचारून करण्याची चूक कृपया करू नये, कारण चार ते सोळा वयाच्या मुलांना नेमके काय आवडते हे त्यांच्या पालकांना अधिक कळते. संहिता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावी आणि जिच्यावर एकही आक्षेप येणार नाही ती कुणी उघडलेलीच नाही, असे समजून तीच पक्की करावी.

समितीतील ज्येष्ठ सभासद प्रथम ‘सौभद्र’ सुचवतील. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाची पदे ज्या घरात पाठ आहेत, त्या घराला हे नाटक सोज्वळच वाटते. त्यामुळे थोरल्या भावाने ठरवलेले दुर्योधनाचे स्थळ मोडून धाकटा भाऊ बहिणीचे लग्न तिच्या आवडत्या माणसाशी लावून देतो आणि त्यासाठी तो माणूस संन्याशाच्या वेषात घरात येऊन राहतो, ही गोष्ट सभेत कुणालाही सलग सांगू देऊ नये. ‘शाकुंतल’ तर त्याहून अडचणीचे, कारण तेथे गांधर्वविवाहानंतर नवरा बायकोला ओळखतच नाही. नवरा-बायकोच्या एकमेकांवरील संशयावर उभ्या असलेल्या ‘संशयकल्लोळ’चे नाव निघाल्यास विषय ताबडतोब प्रसादाच्या मेनूकडे वळवावा.

मग कुणीतरी म्हणेल, की साधी चिऊ-काऊची गोष्टच घेऊ. ही सूचना वरवर निरुपद्रवी वाटली तरी समितीने तिची नीट छाननी करावी. पावसात घर वाहून गेलेला शेजारी दाराशी भिजत उभा असताना बाळाला तीट लावण्याची सबब सांगून दार न उघडणारी चिमणी, ही आपल्या सोसायटीच्या अभ्यागत धोरणाशी सुसंगत असली तरी मुलांवर कोणता संस्कार करते, याचा विचार व्हायला हवा. शिवाय एकाचे घर शेणाचे आणि दुसरीचे मेणाचे, यावरून ए विंग आणि डी विंगमधील सभासदांच्या भावना दुखावू शकतात. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी वाघाला सरळसरळ फसवते, म्हणून तीही बाद. चेटकीण आणि राक्षस मुळीच नकोत. ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी केलेल्या चेटकिणीला लहानपणी घाबरून आईच्या मांडीत तोंड लपवणारे आणि तो आनंद अजून रंगवून सांगणारे पालकच या आक्षेपात सर्वांत पुढे असतील, हे मला अनेक सभांच्या अनुभवावरून सांगता येते. वाईट माणूस, भीती, लबाडी आणि भांडण एवढे वगळले की उरेल ते निखळ कौटुंबिक नाटक. त्यात काहीही घडणार नाही, पण पाणी वाचवण्याचा संदेश मात्र पोहोचेल.

आता खरा प्रश्न साठ मुलांचा. येथे पारंपरिक मार्ग असा, की पाच मुलांना भूमिका द्याव्यात, दहा मुलांना ससे करावे आणि उरलेल्यांना झाडे. झाड होणे ही जबाबदारी हलकी नाही. पुठ्ठ्याच्या फांद्या दोन्ही हातांत धरून, गालावरचा हिरवा रंग खाजत असताना, समोर बसलेल्या आजीकडे न पाहता पाऊण तास उभे राहायचे, हे भल्याभल्या नटांना जमणार नाही. तरीही झाडांचे पालक तक्रार करतातच. मग दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येकाला नेमके एक वाक्य. त्यासाठी संवाद असा हवा, की त्याचे साठ तुकडे झाले तरी अर्थ बिघडू नये, आणि ज्याला मुळात अर्थ नाही असा संवाद या कामी सर्वांत टिकाऊ ठरतो.

एका मोहापासून मात्र आपल्याला आवर्जून सावध केले पाहिजे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये रांगेने उभ्या राहिलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांचीच भिंत केलेली होती; तीच पडदा होई, तीच गर्दी होई, आणि तिच्यातूनच पात्रे निघून पुन्हा तिच्यात मिसळत. त्या नाटकाचा विषय मुलांचा नव्हे, हे उघड आहे, पण एखादा उत्साही दिग्दर्शक ही युक्ती तेवढी उचलून दिंडी, भारूड किंवा मंगळागौरीचे खेळ यांच्या आधाराने साठही मुलांना पहिल्या मिनिटापासून गाण्यात, तालात आणि गोष्टीत गुंतवून ठेवील. असा माणूस वेळीच ओळखून त्याला प्रकाशयोजनेवर टाकावे. कारण समूहात सगळेच सारखे महत्त्वाचे दिसू लागले, की कोणाचा मुलगा मुख्य होता हे व्हिडिओत कळत नाही. आणि मुलांना तालमीला यावेसे वाटू लागले, तर क्लास बुडतात ते वेगळेच.

भूमिका वाटताना आणखी एक अडचण येईल. तालमीला मुली जास्त येतात आणि मुलगे आले तर त्या प्रत्येकाला तलवार हवी असते. ज्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू बायका डोळे भरून पाहत, त्याच रंगभूमीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समितीने मुलीला मिशी लावून प्रधान करण्यास ठाम नकार द्यावा. आवाज सुंदर असलेल्या मुलीला सखी करावे, आणि ज्याला सा लागत नाही त्या अध्यक्षांच्या नातवाला राजा करावे.

त्याच्या गाण्याची काळजी नको. संगीत नाटकात कुणी गायलेच पाहिजे, हा जुना गैरसमज आहे. स्टुडिओत आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक लावावा आणि मुलांना ओठ हलवायला सांगावे. पेटी-तबला समोर बसवला, तर गाताना मूल कुठे अडले आणि साथीदाराने त्याला कसे सांभाळून घेतले, हे सगळ्यांना दिसेल. असला जिवंतपणा कौटुंबिक कार्यक्रमाला शोभत नाही.

लेखकाच्या परवानगीबद्दल फार चौकशी करू नये. कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; म्हणजे ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या आणि २०२० साली गेलेल्या रत्नाकर मतकरींच्या नाटकांवरील हक्क २०८० अखेरपर्यंत राहणार. प्रेक्षकांकडून पैसे न घेणाऱ्या हौशी मंडळाला प्रयोगापुरती सवलत आहे खरी, परंतु संहिता हवी तशी कापण्याची, तिच्यात सचिवांनी रचलेली पर्यावरणगीते घालण्याची मुभा त्यात नाही. तेव्हा प्रवेशिकेला तिकीट न म्हणता ऐच्छिक देणगी म्हणावे, ती सक्तीने गोळा करावी, आणि लेखकाचे नाव पत्रिकेवर ‘संकल्पना : सांस्कृतिक समिती’ याच्या खाली, जागा उरल्यास छापावे.

सर्वांत शेवटी नाटकाची लांबी पाहावी, कारण निवड प्रत्यक्षात तीच ठरवते. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. आरती, नगरसेवकांचे आगमन, दहावी-बारावीतील गुणवंतांचा सत्कार, पाककला स्पर्धेची बक्षिसे आणि अध्यक्षांचे मनोगत आटोपेपर्यंत साडेनऊ वाजून गेलेले असतात. म्हणून तीन अंकी असो वा एकांकी, ज्याची नांदी झाली की लगेच शेवटचे भरतवाक्य घेता येते असेच नाटक निवडावे, आणि वेळ कमी पडल्यास नांदी गाळावी. पण आभारप्रदर्शनाला हात लावू नये, त्यात साठही मुलांच्या पालकांची नावे आहेत.