मुलं आवडतात म्हणून नव्हे

आमच्या गावाकडच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज फिरत होता. चार दिवसांनी तोच कॉलेजच्या ग्रुपवर आला, मग मावशीने मला वेगळा पाठवला. खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: ‘नर्सिंगचा प्रत्येक विद्यार्थी मुलाखतीत सांगतो, मला लहान मुलं आवडतात म्हणून मुलांच्या विभागात काम करायचंय. खरं काय ते ऐका. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्सिंग. त्यातही मुलांचा वॉर्ड सगळ्यात हलका, माया असली की भागतं. डोकं डॉक्टरचं, नर्स फक्त सांगितलेलं करते. डोळा मात्र सगळ्यांचा व्हिसावर. आणि पुरुषाने तर तिकडे फिरकूच नये.’ शेवटी नेहमीचं, पटलं तर पुढे पाठवा.

पटलं नाही, म्हणून उत्तर लिहितोय. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे, मुलगा आहे आणि पुढे बालरुग्ण परिचर्येतच एम.एस्सी. करायचा विचार आहे. म्हणजे मेसेजमधला एकही दगड मला चुकलेला नाही.

पहिला दगड मी हातात झेलतो. ‘डॉक्टर होता आलं नाही म्हणून.’ माझ्यापुरतं खरं आहे. नीटचे मार्क असे आले की घरात दोन दिवस कुणी जेवणाचं विचारलं नाही. नर्सिंगचा फॉर्म काकाने भरला, मी फक्त सही केली. पण या कारणाने आलेला माणूस त्याच कारणाने चार वर्षं टिकतो असं थोडंच आहे? पहाटे सहाला उठून सातच्या ड्यूटीला उभं राहणं आणि रात्री केअर प्लॅन लिहीत बसणं नापास झाल्याच्या दुःखावर निभत नाही. आणि मग हाच निकष सगळ्यांना लावा की. एमडीच्या जागा रँकवर मिळतात. रेडिओलॉजी हवी होती, रँक पुरली नाही म्हणून बालरोग घेतलं, असे डॉक्टर शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्यातले कितीतरी उत्तम बालरोगतज्ज्ञ झालेत. त्यांच्या पहिल्या पसंतीवरून कुणी मेसेज फिरवत नाही.

आता ‘मुलांचा वॉर्ड हलका’. इथे मला जरा वेळ घेऊ द्या.

तिसऱ्या वर्षी आमची पोस्टिंग नवजात शिशू कक्षात लागली, ज्याला लोक ‘काचेच्या पेटीचा वॉर्ड’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात इनचार्ज सिस्टरांनी मला एका पेटीसमोर उभं केलं. बाळ 1,400 ग्रॅमचं. फाइलवर जेंटामायसिन, म्हणजे जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन, 7 मिलीग्रॅम. ट्रेमध्ये बाटली होती 80 मिलीग्रॅमची, 2 मिलीत. ‘किती भरशील?’ त्यांनी विचारलं. मी मनातल्या मनात भागाकार केला. एका मिलीत 40, म्हणजे 7 भागिले 40, म्हणजे 0.175. ‘आणि सिरिंजवर 0.175 ची रेघ कुठंय?’ नव्हती. मग त्यांनी दाखवलं. त्यातलं 1 मिली घ्यायचं, 3 मिली सलाईन मिसळून 4 मिली करायचं, आता एका मिलीत 10 मिलीग्रॅम झालं, म्हणजे 0.7 मिली. ही रेघ सापडते. हे झाल्यावर त्यांनी शेजारच्या सिस्टरला हाक मारली आणि त्यांना मुळापासून गणित करायला लावलं, माझं उत्तर न सांगता. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हाच सिरिंज हातात आली.

मी म्हटलं, एवढं कशाला? त्यांनी कागदावर 1.75 लिहिलं. ‘टिंब एक घर सरकलं की हे होतं. 70 मिलीग्रॅम. मोठ्या माणसाला रोज तेवढं देतात, त्याला ढेकरही येत नाही. या बाळाचं मूत्रपिंड जाईल, कान जातील. आणि कान गेले ते दोन वर्षांनी कळेल, मूल बोलत नाही म्हणून आई दाखवायला आणेल तेव्हा.’

तेव्हापासून मला दशांश चिन्हाची भीती वाटते आणि ती वाटते हे बरं आहे. मोठ्यांच्या वॉर्डात बहुतेक औषधांचे डोस ठरलेले असतात, इथे वजनावर रोज नवं गणित. सलाईनचा सेटसुद्धा वेगळा. मोठ्यांच्या सेटमधून साधारण 20 थेंबांचं 1 मिली होतं, मुलांच्या मायक्रोड्रिपमधून 60 थेंबांचं. सेट बदलायचा विसरलात तर थेंब बरोबर मोजूनही तिप्पट पाणी जातं. याला हलकं म्हणणाऱ्याने एक नाइट ड्यूटी करून पाहावी. एकच पुरे.

मायेचं म्हणाल, तर मायेने मला पहिल्यांदा अडचणीतच आणलं. तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा, हगवणीने सुकलेला, व्हेन सापडत नव्हती. माझं काम हात घट्ट धरायचं. तो रडायला लागला की माझी पकड सैल व्हायची. त्यामुळे त्याला एकाऐवजी तीनदा टोचावं लागलं. माझ्या मायेची किंमत त्याने दोन जास्तीच्या सुयांत मोजली. सिस्टर नंतर मला ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘धरायचं तर धर, नाहीतर बाहेर जा.’

त्यांची स्वतःची पद्धत मी पुढे बघत राहिलो. सिस्टर कुठल्याच मुलाला ‘दुखणार नाही’ असं सांगत नाहीत. म्हणतात, ‘मुंगी चावल्यासारखं दुखणार आहे. ओरडलास तरी चालेल, हात मात्र पुतळ्यासारखा.’ मुलं पुतळ्यासारखा हात करायचा प्रयत्न खरंच करतात. यात सिस्टरांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? पलीकडच्या खाटेवरची आजी, जी नातवाला सांगत असते, ‘गप बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल.’ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पोलीस, बागुलबुवा आणि नर्स एकाच यादीत आहेत. ते भय उतरवण्यात अर्धी शिफ्ट जाते आणि फाइलवर त्याची नोंद करायला रकाना नसतो.

‘डोकं डॉक्टरचं, नर्स फक्त सांगितलेलं करते.’

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जे. वॉर्ड सांभाळायच्या. चांगलं ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. 1956 च्या उन्हाळ्यात राउंडवर आलेल्या डॉक्टरांसमोर त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट, पण एका जागी त्रिकोणी पिवळाधमक पट्टा. डॉक्टरांना वाटलं, काही लावलंय की काय. लावलं काहीच नव्हतं. तेवढ्या जागेवर चादरीचं टोक होतं. बाकी सगळ्या अंगावरची कावीळ उन्हाने उतरली होती, झाकलेली तेवढी राहिली होती. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी प्रयोग केले आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आज कुठल्याही जिल्हा रुग्णालयात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात निजलेलं बाळ दिसतं, त्या फोटोथेरपीची सुरुवात ही अशी. कोणी सांगितलं होतं त्या सिस्टरला? (कावीळ झालेलं बाळ घरीच कोवळ्या उन्हात धरून भागेल, असा अर्थ यातून कुणी काढू नये. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, तपासूनच उपचार ठरतो. आमच्याकडे उन्हाच्या भरवशावर राहून उशिरा आणलेली बाळं येतात.)

जवळचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. रडणं क्षीण झालं का, ओढून पिणं थांबलं का, हातपाय ढिले पडले का, हे त्या बघायच्या आणि जंतुसंसर्गाची लक्षणं जुळली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या. हो, तेच, ज्याच्या टिंबाने मला घाम फुटला होता. त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, तेही 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं. या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. नीट बघायला शिकल्या होत्या.

मुलांच्या विभागाकडे माझी ओढ या बघण्यातूनच सुरू झाली, हे मला आता कळतं. मोठा माणूस सांगतो, छातीत दुखतंय, डावीकडे, सकाळपासून. बाळ काहीच सांगत नाही. त्याचं झबलं वर करून एक मिनिट, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून श्वास मोजायचे. 40 ते 60 ठीक, त्याच्या वर गेले तर पुन्हा मोजायचे, तरी तेच आले तर डॉक्टरांना फोन. बरगड्यांखाली पोट आत ओढलं जातंय का, नाकपुड्या फुलतायत का. एकदा पहाटे चारला सिस्टर एका बाळापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हे काल असं निजत नव्हतं.’ मॉनिटरवरचे सगळे आकडे बरोबर होते. तरी त्यांनी डॉक्टरांना उठवलं. ते कुरकुरत आले, रक्त पाठवलं, औषध सुरू झालं. रिपोर्ट दुपारी आला, जंतुसंसर्ग. ‘असं’ म्हणजे कसं, हे त्यांना मी नंतर तीन वेळा विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. मला ते ‘असं’ शिकायचंय. मुलाखतीत हे कसं सांगणार? म्हणून आम्ही सगळे आपलं म्हणतो, मला मुलं आवडतात.

व्हिसाचा मुद्दा पटकन उरकतो, कारण तो माहितीअभावी लिहिलेला आहे. परदेशी जायची इच्छा असण्यात पाप काही नाही. इथल्या छोट्या खासगी दवाखान्यांत काय पगार मिळतो ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2016 मध्ये केंद्राच्या समितीने 50 हून कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये द्या म्हणून शिफारस केली. माझ्या सीनियर्सपैकी काहींना ती आजही फक्त ऐकून माहीत आहे. पण परदेशच गाठायचा असेल तर मुलांचा विभाग हा उलटा रस्ता झाला. ब्रिटनमध्ये मुलांच्या नर्सची नोंदणी वेगळी असते, आपल्याकडून जनरल नर्सिंग शिकून गेलेल्यांची नोंद सहसा प्रौढांच्या विभागात होते. जर्मनीत मोठी मागणी आहे ती वृद्धांच्या देखभालीला. ज्याचा डोळा व्हिसावर आहे तो आयसीयूचा अनुभव गोळा करतो आणि जर्मन शिकतो. माझा रूममेट तेच करतोय. चांगला नर्स होईल तो.

राहिलं ‘पुरुषाने फिरकू नये’. यात अर्धा टक्का तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. बाळाला छातीशी कसं लावायचं, हे पहिलटकरणीला शिकवायची वेळ आली की मी बाजूला होतो आणि सिस्टरला बोलावतो. तिला संकोच वाटत असेल तर माझं शिक्षण तिथे कामाचं नाही. नोकरीतही जागा कमी. एम्सच्या भरतीत तर नर्सिंगच्या 80 टक्के जागा महिलांसाठी ठेवायचं 2019 मध्ये ठरलं. आणि वॉर्डातली गंमत अशी की मला नातेवाईक ‘डॉक्टर’ म्हणतात आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर मॅडमना ‘ओ सिस्टर’. आम्ही दोघंही आता दुरुस्त करत नाही.

पण बाळाला बापही असतो. कांगारू मदर केअर 1978 मध्ये कोलंबियात, बोगोटामध्ये सुरू झाली, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. बाळ उघड्या छातीशी बांधायचं, अंगाची ऊब द्यायची. नावात ‘मदर’ असलं तरी छाती बापाचीही चालते. आमच्याकडे एका बाईचं सिझेरियन झालेलं, ताप होता, तिला उठता येत नव्हतं. बाळ 1,600 ग्रॅम. नवरा दाराबाहेर दोन दिवस नुसता उभा. सिस्टरांनी दोनदा बोलावलं, तो मान हलवून मागे सरकला. तिसऱ्यांदा मी गेलो. म्हणाला, ‘ब्रदर, माझे हात बघा, खरबरीत. ते एवढंसं. काय झालं म्हणजे?’ मी माझे हात दाखवले. ते काही फार मऊ नाहीत. ‘मी धरतोच ना रोज?’

हात कोपरापर्यंत धुऊन घेतले, शर्टाची बटणं सोडायला लावली, खुर्चीत मागे रेलून बसवलं आणि बाळ छातीवर पालथं ठेवून वरून कापड बांधलं. बाळाची मान एका बाजूला, नाक मोकळं. तो श्वास घ्यायलाही घाबरत होता. वीस मिनिटांनी खांदे जरा खाली आले. तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. त्याने हात काढला नाही, मला डोळ्यांनी खुणावलं. मी फोन काढून कानाशी धरला. पलीकडून त्याची आई मोठमोठ्याने विचारत होती, बाळ कसं आहे, पेटीतून काढलं का.

‘आई, हळू बोल,’ तो कुजबुजला. ‘झोपलंय.’